एका सतरा अंकी संख्येची गोष्ट



वसंत व्याख्यानमालेत गणितावर बोलावयाचे म्हणजे श्रोत्यांच्या सहनशीलतेची परीक्षाच. म्हणून आज आम्ही आपल्यापुढे एकच संख्या ठेवतो: १२३४५६७८९८७६५४३२१. एकापासून नवापर्यंत चढावे आणि आल्या वाटेने उतरावे, इतकी ती सोपी.

पण ती आहे केवढी? १९८२ साली गडचिरोली जिल्हा चंद्रपुरापासून निराळा झाला, तरी तेंदूपानांचा हंगाम दोन्हीकडे असतोच. ७० पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक गोणी, म्हणजे गोणीत ७०,००० पाने. या संख्येइतकी पाने तोडावयाची तर १७,६०० कोटींहून अधिक गोण्या भरतील! भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील स्थाने मोजीत गेलो तर ती 'मध्य' या सतराव्या स्थानी पोचते. त्यापुढचे स्थान परार्धाचे.

एवढी प्रचंड संख्या शाळेच्या पाटीवर जन्म घेते. ९ वेळा एक लिहा, १११११११११, आणि या संख्येला तिनेच गुणा. प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. उभ्या बेरजा १, २, ३ अशा वाढत मधल्या घरात ९ होतात आणि पुन्हा उतरतात. हातचा कोठेच येत नाही.

देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ पर्यंत शिकविणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी अशा संख्यांना डोंबिवली स्थानकावरून 'डेम्लो' हे नाव दिले. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला ते 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, म्हणत. आपली संख्या हर्षदही आहे. तिच्या अंकांची बेरीज ८१. आता नऊ एकांच्या संख्येला ९ ने भाग जातो. तेव्हा तिच्या वर्गाला नऊ नवे ८१ ने भाग गेलाच पाहिजे.

मग दहा एक घेतले तर? वर्ग येतो १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या घरात १० झाले, हातचा आला, आणि चढणीवरचा ८ नाहीसा झाला. अंकांची बेरीज ८२, सम. संख्या मात्र विषम. म्हणजे हर्षदपणही गेले.

नऊदा खरा ठरलेला नियम दहाव्यांदा मोडला. 'आजवर असेच होत आले' एवढ्यावर विसंबणाऱ्यास येथे ठेच लागते. 'असे का होते' हे ज्याने विचारले, त्याला ती जागा आधीच दिसते. हा प्रश्न विचारावयास मोठी प्रयोगशाळा लागत नाही. कापरेकर शाळामास्तरच होते. एटापल्लीच्या वा भामरागडच्या मुलाजवळही पाटी आहे. त्याला 'का' म्हणून विचारू देणारे गुरुजी मात्र हवेत.