मुलांना घेऊन एक दिवस बाहेर

पुणे-बंगळूर रस्त्याने कोल्हापूरकडे येताना पंचगंगेचा पूल लागण्याआधी शिरोली लागते. गावाचे पुरे नाव पुलाची शिरोली. पण बाहेरच्या माणसाला आता ती ठाऊक आहे एमआयडीसीची शिरोली म्हणून. लोखंड वितळवून ओतकाम करणाऱ्या फौंड्र्या आणि यंत्रांचे सुटे भाग करणारी वर्कशॉपे तिथे रांगेने उभी आहेत. नागाव, टोप, हालोंडी, मौजे वडगाव अशा भोवतालच्या गावांतली, आणि दूरच्या बिहार-ओडिशातूनही आलेली माणसे तिथे पाळ्यांत राबतात. आजचे माझे बोलणे या माणसांच्या मुलांविषयी आहे. तसे म्हटले तर ते कुणाच्याही मुलांविषयी आहे. बाप साखर कारखान्यात असो की चार म्हशींच्या मागे असो, मुलांना घेऊन एक दिवस बाहेर पडणे त्याला सारखेच अवघड जाते.

याच भागातल्या एका शाळेत मी चौथीच्या मुलांना 'माझे बाबा' या विषयावर पाच ओळी लिहायला सांगितल्या होत्या. एका मुलाने एकच ओळ लिहिली. 'माझे बाबा झोपलेले असतात.' मुलगा खोडकर नव्हता आणि बापही आळशी नव्हता. बाप रात्रपाळीला होता. मुलगा शाळेला निघे तेव्हा बाप येऊन आडवा झालेला असे, आणि संध्याकाळी मुलगा खेळून परत येईपर्यंत त्याची डबा घेऊन निघायची वेळ झालेली असे. पुढे हे गृहस्थ काही कामाने शाळेत आले, तेव्हा मी ती वही दाखवली नाही. दाखवायला हवी होती की नको, हे मला अजून कळलेले नाही. मी एवढेच विचारले, की मुलांना कुठे फिरायला नेता का? ते म्हणाले, "न्यायचंय की हो गुरुजी. पण चार माणसं बाहेर काढायची म्हणजे दोन-तीन हजार कुठं गेले कळत नाही. दिवाळीचा बोनस झाला की बघू."

हा हिशेब त्यांनी खोटा सांगितला नव्हता. पण पैसे कशात जातात ते नीट बघा. एक तर भाड्याच्या गाडीत. दुसरे, हॉटेलातल्या जेवणात. आणि तिसरे, फुगा, आइस्क्रीम, पाळणा अशा सटरफटर गोष्टींत, कारण आपण जागाच अशी निवडतो की जिथे विकत घेण्यावाचून दुसरे काही करायचे नसते. या तीन गोष्टी बाजूला काढल्या तर सहलीला तिकिटापुरतेच पैसे लागतात. एस.टी.त पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे आहे. मार्च २०२३ पासून आपल्या राज्यात सगळ्या स्त्रियांना एस.टी.चे तिकीट अर्धेच पडते, आणि आजोबांनी पंचाहत्तरी ओलांडली असेल तर ते फुकट येतात. म्हणजे आजी, आई आणि दोन मुले निघाली तर चौघांची मिळून दोन तिकिटे होतात. पुरे तिकीट काय ते बापाचे!

भाकरी, खर्डा, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि थोडे दही घरून बांधून घ्यावे. मुलांसाठी भडंगाचा एक डबा. घरात न जेवणारे पोर झाडाखाली दीड भाकरी खाते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

आता कोणी म्हणेल, की हे सहलीचे खूळ शहरी लोकांचे. मला तसे वाटत नाही. माघातल्या रविवारी कोल्हापूरची माणसे पायी जोतिबाला जातात, त्याला आपण खेटे घालणे म्हणतो. वडणगे, निगवे, कुशिरे आणि मग गायमुखाकडून डोंगर चढायचा. त्यात देवाची भक्ती आहेच, पण पोराला खांद्यावर घेतलेला बाप आहे, वाटेतली न्याहारी आहे. आषाढात नव्या पाण्याची घागर घेऊन टेंबलाईला जातात, तेव्हाही घरदार बरोबर असते. आपल्या आजा-पणज्यांनी या सुट्ट्या देवाच्या नावाने राखून ठेवल्या होत्या. कारखान्याच्या कॅलेंडरात त्या बसेनाशा झाल्या, एवढेच.

दूरच्या देशातल्या कामगारांनाही याच गोष्टीसाठी झगडावे लागले आहे. इंग्लंडात मँचेस्टर आणि शेफील्ड ही गिरण्या-कारखान्यांची शहरे. जवळच मोकळे डोंगर आहेत, पण ते जमीनदारांनी पाखरांच्या शिकारीसाठी राखून ठेवलेले. २४ एप्रिल १९३२ रोजी, रविवारी, काही शे तरुण कामगार बंदी मोडून किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर चालत गेले. मागणी एकच, की सुट्टीच्या दिवशी आम्हाला डोंगरावर हिंडू द्या. पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ साली तिकडे कायदा आला आणि १९५१ मध्ये तोच मुलूख ब्रिटनमधले पहिले राष्ट्रीय उद्यान झाला. आपल्याला जोतिबाच्या डोंगरावर जायला कुणी अडवलेले नाही. आपल्याला अडवतो तो पाळीचा तक्ता.

आणि खरी अडचण तीच आहे. कारखान्याची साप्ताहिक सुट्टी आणि शाळेचा रविवार एकाच दिवशी येतील याचा नेम नसतो. तेव्हा सबंध दिवसाचा हट्ट सोडावा. पहिली पाळी तीनला सुटत असेल तर दिवस मावळेपर्यंत तीन तास उरतात. सकाळच्या शाळेचा शनिवार असेल तर दुपार मोकळी असते. शिक्षक बंधुभगिनींना मी एक धीट सूचना करतो. वर्षातून दोन दिवस एखादे मूल बापाच्या सुट्टीपायी गैरहजर राहिले, तर हजेरीपटावर खुशाल गैरहजेरी मांडा, पण त्याच्यावर रागावू नका. दुसऱ्या दिवशी त्याला वर्गापुढे उभे करून काय पाहिले ते सांगायला लावा. वरिष्ठांना हे पटेलच असे नाही.

जायचे कुठे? सगळ्यात स्वस्त आणि लहान मुलांना सगळ्यात प्रिय अशी सहल म्हणजे आगगाडीची. आपल्याकडे मोटारसायकल घरोघर झाली, आणि दहा वर्षांची मुले आगगाडीत न बसलेली आढळतात. कोल्हापूरहून मिरजेकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसावे आणि हातकणंगल्याला उतरावे. हा लोहमार्ग शाहू महाराजांच्या काळात, १८९१ साली सुरू झाला. वळिवडे मागे पडले की रुकडीजवळ गाडी पंचगंगेच्या पुलावरून जाते. पुलावरचा तो बदललेला आवाज मुलांना आधी सांगून ठेवू नका, ऐकू द्या. वळिवड्याला मात्र एक गोष्ट जरूर सांगा. दुसऱ्या महायुद्धात पोलंड देशातून परागंदा झालेली सुमारे पाच हजार माणसे, बहुतेक बायका आणि मुले, १९४३ ते १९४८ पर्यंत या माळावर छावणीत राहिली. ती गेली आणि फाळणीत घरदार सुटलेले सिंधी लोक तिथे आले. आज कापडासाठी आपण ज्या गांधीनगरला जातो ते हेच. पंधरा मिनिटांच्या प्रवासात जगाचा इतका इतिहास क्वचितच भेटतो.

हातकणंगल्याहून कुंभोज-बाहुबलीला एस.टी. किंवा वडाप मिळते. १९६३ साली स्थापन झालेली बाहुबलींची अठ्ठावीस फूट उंच संगमरवरी मूर्ती तिथे आहे. डोंगरावर जायला पायऱ्या आहेत. त्या मुलांना मोजू द्याव्यात. चढतानाचा आणि उतरतानाचा आकडा निराळा येतो, आणि मग भावाबहिणींची जी जुंपते ती घरापर्यंत पुरते. कुंभोज हे कर्मवीर भाऊराव पाटलांचे जन्मगाव. जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा. रयत शिक्षण संस्था काढण्याआधी हा माणूस किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव हिंडला होता. फौंड्रीत काम करणाऱ्या बापाने ही गोष्ट आपल्या मुलाला सांगितली, तर ती आमच्या पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त लक्षात राहील.

वर्षातून एखादा सबंध दिवस हाती आला तर शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी खिद्रापूरला जावे. कोपेश्वराचे देऊळ बाराव्या शतकातले, शिलाहारांच्या काळातले. त्याच्या स्वर्गमंडपाला मधोमध छप्पर नाही. तिथे गोल आभाळ दिसते. खालच्या वाटोळ्या दगडावर मुलांना उताणे झोपू द्या, मग त्यांना शिल्पे दाखवा. वाटेत नरसोबाची वाडी करता येते, पण मी म्हणेन करू नये. एका दिवसात दोन ठिकाणे केली की मुलांच्या लक्षात फक्त बसस्टँड राहते. पन्हाळ्याची तीच गोष्ट. २०२५ च्या जुलैत हा किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, रविवारी तिथे चालायला जागा नसते. ज्यांची सुट्टी आडवारी येते त्यांचा इथे मात्र फायदा आहे. अंधारबाव, अंबरखाना आणि तीन दरवाजा, एवढेच पाहून परतावे.

दोन गोष्टी सांभाळा. नदीत मुलांना उतरवू नका, मग पाणी कितीही संथ दिसो. पावसाळ्यात तर पंचगंगेकडे फिरकूच नये. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळचा हमरस्तादेखील पाण्याखाली गेला होता, हे आपण पाहिलेच आहे. आणि गडावर, देवळात जिथे आग्या मोहोळे लोंबतात तिथे चूल पेटवू नका, धूर करू नका.

आता माझ्या आवडीची सहल शेवटी सांगतो. तिला तिकीट नाही, आणि मोटारसायकल किंवा दोन सायकली पुरतात. दिवाळीनंतर गुऱ्हाळे पेटतात. पूर्वीइतकी ती आता राहिली नाहीत, पण करवीर-पन्हाळ्याकडच्या गावांत अजून आहेत. मालकाला आदल्या दिवशी विचारून जावे. आपला शेतकरी नाही म्हणत नाही. मुलांना चरकापासून आणि काहिलीपासून चार हात लांब उभे करावे, आणि बघू द्यावे. ऊस चरकात जातो, त्याचीच वाळलेली चिपाडे चुलवाणात जळतात. रस तापला की मळी वर येते, रानभेंडीचा चिकट रस घालून ती सुटी करतात आणि झाऱ्याने काढून टाकतात. मग तासन्‌तास ढवळणे. बुडबुडे लहान होते ते मोठे होतात, रंग पालटतो. गुळव्या थेंबभर पाक गार पाण्यात टाकून बोटांनी चाचपतो. त्याच्याजवळ उष्णतामापक नसतो, पण तो हात वर करतो तेव्हा काहिलीत ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता असते. चार मिनिटे चुकली तर गूळ बिघडतो.

त्या रात्रपाळीवाल्या गृहस्थांना मी बोनसची वाट न बघता अशाच एका गुऱ्हाळावर जायला सांगितले होते. मीही गेलो होतो. मळी काढताना बघून तो बाप आपणहून बोलू लागला. "आमच्यातबी अशीच वरची घाण काढत्यात. स्लॅग म्हणत्यात तिला. ती राहिली तर कास्टिंगला भोक पडतंय." मुलगा गुऱ्हाळ सोडून बापाकडे बघायला लागला. तुमची काहील एवढीच असते का? किती गरम असते? हातानं बघता? बाप हसला. म्हणाला, "चौदाशे डिग्री असतंय बाळा. हात न्हाई राहणार." मग ओतायचे कसे, साचा कसला, वाळू कुठली, हे प्रश्न ढेप थंड होईपर्यंत चालले. मी मध्ये बोललो नाही. माझे काही कामच नव्हते.

गुऱ्हाळाला जाताना एक घट्ट झाकणाचा डबा बरोबर असू द्या. मालक काकवी दिल्याशिवाय सोडत नाही, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून ती घरापर्यंत पोचत नाही. सायकलच्या हँडलवर मी तो अनुभव घेतला आहे.