धसका आणि डोळ्यांची हालचाल

वर्धा जिल्ह्यांत पुलगांव येथें लष्कराचें मोठें दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ रोजीं मध्यरात्रीनंतर त्या भांडारास आग लागली व एकामागून एक स्फोट होऊं लागले. आग विझविण्यास धांवलेले अधिकारी, जवान व अग्निशामक दलाचे लोक यांपैकीं पंधराहून अधिक जणांना प्राणास मुकावें लागलें. आगरगांवासारख्या जवळच्या खेड्यांतील माणसें मुलाबाळांना घेऊन अंधारांतच घराबाहेर पडलीं. पुढें २० नोव्हेंबर २०१८ रोजीं सोनेगांव आबाजीच्या परिसरांत जुना दारूगोळा निकामी करीत असतां पुन्हां स्फोट झाला आणि सहा जण दगावले. त्यांत मोलमजुरीस आलेले लोकहि होते.

आग विझते, तडे गेलेल्या भिंती लिंपल्या जातात, पेरणीची वेळ आली कीं माणूस शेताकडे वळतो. परंतु अशा प्रसंगांतून वांचलेल्यांपैकीं कांहींच्या बाबतींत एक गोष्ट मागें राहून जाते. लग्नाच्या वरातींत फटाका वाजतो, रस्त्यावर एखाद्या ट्रकचें टायर फुटतें, आणि त्या माणसाचें सर्वांग थरथरूं लागतें. झोपेंत तोच धूर, तीच धांवाधांव. दिवसा तो त्या वाटेनें जाण्याचें टाळतो. त्या रात्रीविषयीं कोणी बोलूं लागलें तर उठून जातो. घरांतील वडील माणसें म्हणतात, ‘यानें धसका घेतला.’ कोणी दृष्ट काढतें, कोणी अंगारा लावतें, कोणी ‘मन घट्ट कर’ असा उपदेश करतें. मन घट्ट करण्याचा प्रयत्न तो माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत करीतच असतो, हें मात्र फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

वैद्यकशास्त्रानेंहि ही गोष्ट ध्यानांत घेण्यास बराच काळ घेतला. पहिल्या महायुद्धांत तोफांच्या माऱ्यांतून परत आलेल्या सैनिकांच्या अशा स्थितीस ‘शेलशॉक’ म्हणत, आणि पुष्कळदां तिला भित्रेपणा समजून दोष देत. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेनें या विकारास आपल्या अधिकृत वर्गीकरणांत स्वतंत्र नांव दिलें तें १९८० सालीं. त्यास मराठींत आघातोत्तर ताणविकार असें म्हणतां येईल. येथें एक खुलासा अवश्य केला पाहिजे. भयंकर प्रसंग पाहिलेल्या प्रत्येकास हा विकार जडतो असें नाहीं. बहुसंख्य माणसें कांहीं आठवड्यांत किंवा महिन्यांत घरच्यांच्या आधारानें व नित्याच्या कामांत आपोआप सावरतात. थोड्यांच्या बाबतींत मात्र तो प्रसंग इतर आठवणींप्रमाणें जुना होत नाहीं. साधी आठवण भूतकाळांत जाऊन बसते. ही आठवण जणूं आतांच घडत आहे अशा रूपानें पुनःपुन्हां उभी राहते.

अशा आठवणीवर डोळ्यांच्या हालचालीचा उपाय करतात असें ऐकल्यावर सुशिक्षित माणसाच्याहि कपाळास आठी पडेल. परंतु ही कल्पना कशी निघाली व आज ती कोठवर आली आहे, हें पाहण्याजोगें आहे.

१९८७ सालीं कॅलिफोर्नियांत मानसशास्त्राच्या अभ्यासक फ्रान्सिन शापिरो एका बागेंत फिरत असतां त्यांना असें आढळलें कीं, मनास टोंचणारा एक विचार एकाएकीं बोथट झाला, आणि त्या वेळीं आपले डोळे वेगानें एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे फिरत होते. त्यांनीं हा अनुभव प्रथम इतरांवर पडताळून पाहिला आणि १९८९ सालीं २२ व्यक्तींवरील आपला पहिला अभ्यास प्रसिद्ध केला. पुढें या पद्धतीस ई. एम. डी. आर. हें नांव मिळालें. मराठींत तिला नेत्रचलन-उपचार म्हणण्यास हरकत नाहीं. शापिरो २०१९ सालीं वारल्या. तोंपर्यंत त्यांची पद्धति अनेक देशांत पोंचली होती.

या उपचाराचे आठ टप्पे ठरलेले आहेत, आणि डोळ्यांचें काम त्यांपैकीं कांहींतच येतें. प्रथम उपचारक रुग्णाची सर्व हकीकत समजून घेतो. नंतर तो त्यास मन शांत करण्याचे साधे उपाय शिकवितो; कारण ज्यास स्वतःला सावरतां येत नाहीं, त्यास एकदम त्या आठवणीकडे नेणें धोक्याचें असतें. त्यानंतर त्या प्रसंगांतील सर्वांत त्रासदायक असें एक दृश्य निवडलें जातें. त्या दृश्याबरोबर स्वतःविषयीं कोणता विचार येतो, हेंहि विचारतात. ‘मी कांहींच करूं शकलों नाहीं’ हा विचार पुष्कळांना छळीत असतो. त्याऐवजीं कोणता विचार खरा वाटावा अशी इच्छा आहे, तेंहि ठरवितात. त्रास किती, हें शून्य ते दहा या मापानें सांगावयाचें असतें.

मग रुग्ण तें दृश्य मनांत धरतो आणि उपचारकाच्या हालत्या बोटांमागें डोळे फिरवितो. साधारण अर्ध्या मिनिटानें बोटें थांबतात. ‘ताई, आतां मनांत काय आलें?’ एवढेंच उपचारक विचारतो. काय आलें तें थोडक्यांत सांगितलें म्हणजे पुन्हां तोच क्रम. सबंध प्रसंगाचें वर्णन करण्याची सक्ति नसते, घरीं करावयाचा अभ्यासहि दिला जात नाहीं. ज्यांना त्या रात्रीबद्दल बोलण्याची लाज किंवा भीति वाटते, त्यांना ही गोष्ट फार सोईची पडते. त्रासाचा आंकडा उतरला म्हणजे चांगला विचार दृढ केला जातो, अंगांत कोठें ताण राहिला आहे काय हें तपासलें जातें, आणि पुढच्या भेटींत सर्व पुन्हां पडताळून पाहतात. आठवण पुसली जात नाहीं. आग लागली होती, माणसें गेलीं होतीं, हें सर्व आठवतेंच. फक्त तें आतां घडून गेलेलें म्हणून आठवतें.

शास्त्रज्ञांनीं हें सर्व निमूटपणें मान्य केलें असें मात्र नाहीं. अठराव्या शतकांत चुंबकशक्तीनें रोग बरे करण्याचा दावा करणारा मेस्मर होऊन गेला. त्याच्याशीं या पद्धतीची तुलना कांहीं विद्वानांनीं केली. त्यांचा आक्षेप असा होता कीं, आठवणीस धीरानें सामोरें जाण्याचा उपाय मानसशास्त्रास पूर्वीपासूनच माहीत आहे. गुण येतो तो त्यानें, डोळ्यांच्या हालचालीनें नव्हे. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित परीक्षणानें या आक्षेपास दुजोरा दिला. उलट २०१३ सालच्या दुसऱ्या परीक्षणांत डोळ्यांच्या हालचालीनें गुणांत भर पडते असें दिसून आलें. वाद पूर्णपणें मिटलेला नाहीं. परंतु वाद आहे तो उपचारांतील कोणत्या भागानें गुण येतो याविषयीं. गुण येतो याविषयीं पुरावा पुष्कळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१३ सालीं आघातोत्तर ताणविकारासाठीं ज्या मानसोपचारांची शिफारस केली, त्यांत याचा समावेश आहे.

हालचालीनें काय होत असावें, याचें एक समजण्यासारखें स्पष्टीकरण दिलें जातें. मनाची तात्पुरती पाटी लहान असते. तिच्यावर एकाच वेळीं दोन कामें ठेवलीं तर दोन्ही फिकीं पडतात. भयंकर दृश्य डोळ्यांपुढें आणावयाचें आणि त्याच वेळीं हालतें बोटहि पाहावयाचें, अशी ओढाताण झाली म्हणजे दृश्याचा झगझगीतपणा कमी होतो, आणि तें त्याच कमी झालेल्या रूपांत परत मनांत सांठविलें जातें. १९९७ सालीं इंग्लंडांतील संशोधकांनीं या दिशेनें प्रयोग केले. २०१९ सालीं कोरियांतील शास्त्रज्ञांनीं उंदरांवर प्रयोग करून, इकडून तिकडे सरकणारा प्रकाश पाहतांना मेंदूंतील भयाचें केंद्र कसें शमतें, याचा एक मार्ग दाखविला. उंदरावरून माणसाचें अनुमान जपूनच केलें पाहिजे हें खरें.

भारतांत ही पद्धति रुजली ती मोठ्या आपत्तींच्या निमित्तानें. २६ जानेवारी २००१ च्या गुजराथेंतील भूकंपानंतर परदेशांतील स्वयंसेवी तज्ज्ञांनीं येथील मानसोपचारकांना शिक्षण दिलें, आणि मुंबईच्या डॉ. सुषमा मेहरोत्रा यांच्यासारख्यांनीं पुढें तें कार्य वाढविलें. एकाच वेळीं शेंकडों माणसें दुखावलेलीं असतात, अशा वेळीं उपयोगी पडणारी सामुदायिक रीत मेक्सिकोंतून आली. १९९७ च्या पॉलीन वादळानंतर तेथील उपचारकांनीं मुलांना दोन्ही हात छातीवर फुलींसारखे ठेवून खांद्यांपाशीं आळीपाळीनें हलकेंच थोपटण्यास शिकविलें. तिला ‘फुलपांखराची मिठी’ म्हणतात.

वर्धा जिल्ह्यास या सर्वांचें महत्त्व केवळ स्फोटांपुरतें नाहीं. २००६ सालीं केंद्र सरकारनें विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांच्या शेतकऱ्यांसाठीं विशेष साहाय्य जाहीर केलें, त्यांत वर्धा होता. कर्जापायीं आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याचें प्रेत बहुधा घरच्याच माणसास प्रथम दिसतें. पत्नीच्या किंवा मुलाच्या डोळ्यांपुढून तें दृश्य जात नाहीं, आणि त्याबरोबर ‘मला आधीं कसें कळलें नाहीं’ हा प्रश्न मनांत घर करून राहतो. येथें मर्यादा ओळखणें अवश्य आहे. पतिवियोगाचें दुःख हा रोग नव्हे. त्यास उपचार नको, सोबत हवी. कर्ज, कपाशीचा भाव आणि ओलीताची अडचण यांवर कोणतेंहि बोट फिरवून उपयोग नाहीं. तें काम शासनाचें व समाजाचें आहे. परंतु ज्या दृश्यामुळें त्या बाईस झोंप येत नाहीं, कोठ्याकडे जावत नाहीं, मुलांकडे लक्ष देववत नाहीं, तें दृश्य सौम्य करतां आलें, तर बाकीच्या संकटांशीं झगडण्यास तिचे हात मोकळे होतात.

जिल्ह्यांत सेवाग्राम येथें डॉ. सुशीला नायर यांनीं १९६९ सालीं स्थापन केलेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे, सावंगी येथेंहि वैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन्ही ठिकाणीं मनोविकारांचा विभाग आहे. सल्ल्यासाठीं पहिलें पाऊल तेथें टाकावें. भारत सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलतां येतें. मात्र मोबाईलवर चित्रफीत पाहून घरींच डोळे फिरविण्याचा प्रयोग कोणी करूं नये. दडपलेली आठवण उघडली आणि ती आवरतां आली नाहीं, तर माणूस अधिक बिघडतो. अपस्मार, डोळ्यांचा विकार किंवा दुसरा गंभीर मनोविकार असल्यास तें उपचारकास आधींच सांगितलें पाहिजे. एकाच प्रसंगाचा धसका असेल तर थोड्या भेटींत फरक पडूं शकतो. लहानपणापासून साचलेल्या दुःखास मात्र दीर्घ काळ लागतो.

तोंपर्यंत घरच्यांच्या हातांत एक गोष्ट आहे. फटाक्याच्या आवाजानें दचकणाऱ्या माणसास हंसूं नये, आणि ‘झालें तें विसरून जा’ असें त्यास म्हणूं नये. विसरणें त्याच्या हातीं नाहीं. त्याच्या शेजारीं बसावें, तो बोलेल तेवढें ऐकावें, आणि दवाखान्याच्या पहिल्या फेरीस त्याच्याबरोबर जावें.