नानांसाठी गाडीचा गेम शोधताना

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना झालेले अडखळे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय ऐकायला एकदम साधा आहे. घरातल्या वयस्कर माणसाला मोबाइलवर गाडी चालवायचा गेम द्यायचाय. डोक्याला ताप नको, निवांत खेळता यावा. तर कुठला द्यायचा?

मला वाटलं होतं, दहा मिनिटांचं काम. मी बी.टेक. झालेला माणूस, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, दिवसभर स्क्रीनच बघतो. डाउनलोड करून दिला की झालं. प्रत्यक्षात चार महिने लागले. आणि मध्ये एकदा असा प्रसंग आला की वाटलं, हा गेम दिला हीच आपली चूक झाली.

आधी नानांबद्दल सांगतो. नाना म्हणजे माझे मोठे चुलते. आम्ही अकोल्याचे... थांबा, विदर्भातलं अकोला नाही हं. नगर जिल्ह्यातलं अकोले, आताचा अहिल्यानगर जिल्हा. कळसूबाई, भंडारदरा, हरिश्चंद्रगड ज्या तालुक्यात आहेत, ते अकोले. नानांनी तीस-बत्तीस वर्षं दुधाची लाईन चालवली. म्हणजे पहाटे टेम्पो काढायचा, राजूरकडून गावोगावचे दुधाचे कॅन उचलत विठा घाट उतरायचा, इंदोरी, रुंभोडी करत डेअरीला दूध टाकायचं. आषाढातला पाऊस असो की धुकं असो, गायी-म्हशी काही दूध द्यायच्या थांबत नाहीत, त्यामुळे नानांची गाडीही थांबली नाही.

मग दोन वर्षांपूर्वी टेम्पोचा डावा आरसा पुलाच्या कठड्याला घासला. नाना म्हणाले, "समोरच्यानं लाईट मारली." महिन्याभरात परत तसंच. आणि मग आठवडी बाजाराच्या दिवशी एका सायकलवाल्याला डावीकडून धक्का लागला. त्याच्या नशिबाने खरचटण्यावर भागलं. पण नानांचं एकच म्हणणं होतं, "तो तिथं नव्हताच रे. एकदम आला."

तो तिथेच होता. नानांना दिसला नव्हता. तपासणीत निघालं, काचबिंदू.

मंडळी, हे नीट ऐका, कारण आमच्या घरातही गोंधळ झाला होता. मोतीबिंदू वेगळा आणि काचबिंदू वेगळा. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, ते काढून नवीन बसवलं की परत दिसायला लागतं. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नसच खराब होत जाते, बहुतेक वेळा डोळ्यातला दाब वाढल्यामुळे. गेलेली नजर परत येत नाही. थेंब टाकायचे ते उरलेली वाचवण्यासाठी. आणि सहसा आधी जाते ती कडेची नजर. समोरचं स्वच्छ दिसत असतं, त्यामुळे माणसाला स्वतःला कळतच नाही.

टेम्पो विकायचा निर्णय घरात मीच लावून धरला. गिऱ्हाईक आलं त्या दिवशी नाना मळ्यात जाऊन बसले. पुढचे कित्येक दिवस माझ्याशी "जेवला का" याच्यापलीकडे बोलले नाहीत.

तर हा गेम शोधायचं खरं कारण हे. नानांची करमणूक वगैरे नंतर. मला माझं मन खात होतं.

सुरुवात मी अशी केली की "रिलॅक्सिंग" म्हणजे ज्यात काहीच घडत नाही तो गेम. म्हणून लॅपटॉपवर 'स्लो रोड्स' लावून दिला. २०२२ मध्ये आलेला, ब्राउझरमध्येच चालणारा गेम आहे. रस्ता कधी संपतच नाही, कारण तो पुढे पुढे आपोआप तयार होत राहतो. डोंगर, वळणं, ऊन, आणि दुसरी एकही गाडी नाही. ऑफिसमधून आल्यावर मी स्वतः तो लावून बसतो. नानांनी पाच मिनिटं चालवला आणि म्हणाले, "एवढा रस्ता अन् माणूस नाही एक. कर्फ्यू लागलाय का?"

तेव्हा मला 'डेझर्ट बस' आठवला. अमेरिकेतल्या पेन आणि टेलर या जादूगारांच्या जोडीसाठी १९९५ च्या सुमारास बनवलेला हा थट्टेचा गेम, जो तेव्हा बाजारात आलाच नाही. टूसॉनहून लास व्हेगासला रिकामी बस न्यायची, खरेखुरे आठ तास. बस हळूहळू उजवीकडे ओढत राहते, म्हणून हात सोडून चहा प्यायलाही उठता येत नाही. पोचलात की एक मार्क. एकच! हा विनोद आपल्याला कळतो, कारण आपल्यासाठी रिकामा रस्ता म्हणजे कंटाळा किंवा सुट्टी. पण ज्याने आयुष्यभर दर दोन किलोमीटरला थांबून कॅन उचलले, त्याला रिकामा रस्ता म्हणजे धंदा बंद. नानांना शांतता नको होती, कामाची लय हवी होती. हे कळायला मला महिना गेला.

मग 'युरो ट्रक सिम्युलेटर २'. प्रागच्या कंपनीचा, २०१२ चा, कॉम्प्युटरवरचा गेम. माल उचला, दुसऱ्या गावी पोचवा. झोप येण्याचा भाग सेटिंगमध्ये बंद करता येतो, आणि ब्रिटनमधून सुरुवात केली तर आपल्यासारखी डावीकडची वाहतूक मिळते. गेम उत्तमच आहे. पण कीबोर्ड! स्टेअरिंग धरून घट्टे पडलेल्या बोटांना त्या बटणांवर गाडी वळवायची म्हणजे शिक्षाच. आणि मी पुण्याला निघालो की लॅपटॉपही माझ्याबरोबर निघणार.

मग मोबाइल. पहिला फुकटातला एक गेम टाकला, नाव नाही घेत. दर दोन मिनिटांनी जाहिरात, आणि ती बंद करायची फुली तिळाएवढी. नानांना वाटलं आपल्याच हातून काहीतरी बिघडलं. त्यांनी फोन उलटा ठेवला आणि म्हणाले, "तुझं तुला लखलाभ." मंडळी, वयस्कर माणसाला हे सगळ्यात लागतं. अवघड असलं तर चालतं, पण आपल्यामुळे बिघडलं असं वाटलं की संपलं.

शेवटी जमला तो 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया'. तुमच्यातल्या निम्म्यांच्या फोनमध्ये असेल. २०१७ मध्ये इंडोनेशियातल्या मालेओ नावाच्या स्टुडिओने काढला. तिथेही वाहतूक डावीकडून आणि स्टेअरिंग उजवीकडे. गर्दीचे रस्ते, मोटारसायकली, टपऱ्या, हे सगळं आपल्या ओळखीचं. आणि गाडीचा रंग आपल्याला हवा तो लावता येतो, म्हणून आपल्याकडच्या पोरांनी त्यात लाल परी उतरवलीय. मी ती लावली, तर नाना फोन हातात धरून बराच वेळ नुसते बघत बसले. तरुणपणी त्यांना एसटीवर ड्रायव्हर व्हायचं होतं, तो योग आला नाही, हे मला त्या दिवशी कळलं. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुण्याहून निघाली ती आपल्या नगरलाच आली होती, हे त्यांना तोंडपाठ.

आणि हॉर्न! इंडोनेशियात रस्त्याकडेची पोरं बस दिसली की ड्रायव्हरला सुरावटीचा हॉर्न वाजवायला सांगतात, "ओम तेलोलेत ओम". ओम म्हणजे तिकडे काका. २०१६ मध्ये ते जगभर व्हायरल झालं होतं. तोच हॉर्न या गेममध्ये आहे. नाना म्हणाले, "आमच्या लाईनवर पण पोरं असंच करायची. हॉर्न ऐकला की बाया चरव्या घेऊन बाहेर." दोन वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याशी गाडीबद्दल बोलले.

आता कामाच्या चार गोष्टी, तुम्हाला कोणासाठी शोधायचा असेल तर.

एक. फोन वाकवून गाडी वळवायचा पर्याय बंद करा. नाना फोनबरोबर स्वतःच वाकायचे, मोठी आई हसून बेजार. स्क्रीनवरचं स्टेअरिंग लावा.

दोन. चक्कर येते का ते विचारा. डोळे सांगतात गाडी पळतेय, कान सांगतो आपण खुर्चीत बसलोय, आणि या भांडणात मळमळतं. कॅमेरा गाडीच्या बाहेर ठेवला की बऱ्याच जणांना बरं वाटतं. सुरुवातीला दहाच मिनिटं खेळू द्या.

तीन. विमान मोड लावून गेम उघडून बघा. नेटशिवाय चालला तर डोंगरातल्या गावातही चालेल, आणि जाहिरातींचा त्रासही कमी होईल.

चार. आणि ही मला अपघाताने कळली. मोठं ते चांगलं असं मी धरून चाललो होतो, म्हणून गेम टीव्हीला जोडला. नानांना आरसा सापडेना, हॉर्न सापडेना, उजवीकडचा ट्रक दिसेना. तेच फोनवर सगळं व्यवस्थित. मी चक्रावलो. नंतर ट्यूब पेटली. नानांची नजर मधल्या वर्तुळात शिल्लक आहे. हातभर अंतरावरचा फोन त्या वर्तुळात आख्खा मावतो, टीव्ही मावत नाही. म्हणजे कडेची नजर गेलेल्या माणसाला छोटा पडदाच सोयीचा.

मी या शोधावर फार खूश होतो. पंधरा दिवसांनी त्याचीच दुसरी बाजू समोर आली.

शनिवारी घरी पोचलो तर नाना ओट्यावर तयार बसलेले. मला फोन दाखवला. "बघ. आठ दिवस झाले, एकदा ठोकली नाही गाडी. घाटसुद्धा उतरवला. माझ्या डोळ्याला काय झालंय मग? उद्या एम-एटी काढतो, डेअरीपर्यंत जाऊन येतो. किल्ली कुठं ठेवलीय तुझ्या मोठ्या आईनं?"

मंडळी, मला काय बोलावं सुचेना. मीच दिलेला गेम, मीच रोज फोनवर "वा नाना!" म्हणणारा. आणि गेममधून काय पुरावा निघाला? की नाना ठणठणीत आहेत. सोपं होतं, "पाऊस थांबू द्या मग बघू" म्हणून वेळ मारून नेणं. आमच्या घरात तसंच करतात. पण बाजारातला तो सायकलवाला डोळ्यांपुढून जाईना.

मी नानांच्या समोर खुर्ची घेऊन बसलो. म्हटलं, "नाना, माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवायची नाही." डॉक्टरांनी तपासताना केलं होतं तसंच. त्यांचा फोन हातात घेतला, गेम चालू ठेवला आणि तो त्यांच्या डाव्या बाजूला नेला, खांद्याच्या थोडा पुढे. "नाना, गेम दिसतोय?"

"कुठंय?"

"हॉर्न ऐका." मी हॉर्न दाबला. तो गमतीचा हॉर्न त्यांच्या डाव्या कानाजवळ वाजला, आणि नानांना फोन दिसत नव्हता. हळूहळू मध्ये आणत गेलो. जवळजवळ समोर आल्यावर म्हणाले, "आता दिसला."

मी म्हटलं, "नाना, गेमचा रस्ता एवढाच आहे, तळहाताएवढा. तुमच्या नजरेत मावतो. विठा घाट नाही मावत."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे तो सायकलवाला तिथं होता."

"होता नाना."

किल्लीचा विषय त्यानंतर निघाला नाही. मी हे जिंकलो म्हणून सांगत नाही. त्या रात्री नाना नीट जेवले नाहीत आणि मीही. मला वाटलं, गेम आता बंद.

सकाळी उठलो तर हॉर्नचा आवाज. नाना खेळत होते. मला बघून थोडं उजवीकडे सरकले आणि डावीकडची जागा हाताने झटकली. "बस हितं. गाडीला किन्नर पाहिजे."

किन्नर म्हणजे क्लीनर. ट्रक-टेम्पोवाल्यांचा शब्द आहे. तो डावीकडे बसतो. त्याचं काम डावी बाजू बघायची, रिव्हर्स घेताना मागे उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या" करायचं. ड्रायव्हर कितीही पट्टीचा असू दे, त्याला जे दिसत नाही ते किन्नर सांगतो, आणि त्यात ड्रायव्हरचा कमीपणा नसतो. नानांच्या टेम्पोवर शेवटची काही वर्षं किन्नर नव्हता. परवडत नव्हता.

तर चार महिन्यांनी माझं उत्तर हे. निवांत गेम म्हणजे रिकाम्या रस्त्याचा गेम असं नाही. त्या माणसाला येणारं काम त्यात असावं, त्याच्या चालीने करता यावं, चुकलं तर कोणी ओरडू नये. आणि शेजारी तुम्हाला बसायला जागा असावी. कारण गेम त्याची गाडी परत देत नाही. तसं भासवूही नका, विचारलं तर खरं सांगा. पण शेजारी बसून खरं सांगा.

मी पुण्यात असतो तेव्हा किन्नरची ड्यूटी मोठ्या आईकडे असते. ती शेंगा सोलत बसते आणि मध्येच म्हणते, "अहो, डावीकडून फटफटी आली बघा." नाना म्हणतात, "दिसली गं." दिसलेली नसते. पण ब्रेक लागतो.

तुमच्या घरी असं कोणी असेल, ज्याच्या हातून गाडी सुटली, तर मला व्हॉइस नोट पाठवा. आणि हो, चाळिशी ओलांडलेल्या सगळ्यांचे डोळे एकदा तपासून घ्या, दाबासकट. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. येऊ द्या, येऊ द्या!