मशीन आलं आठ दिवसांसाठी



थिबा राजवाडा आपण सगळ्यांनी पाहिलाय. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून उतरवलं आणि पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१० साली तो या राजवाड्यात राहायला आला, १९१६ साली इथेच वारला. आमच्या बचत गटाचा संबंध मात्र राजापेक्षा त्याच्या खिडक्यांशी जास्त. आम्ही पर्यटकांसाठी राजवाड्याचं कागदी मॉडेल बनवतो, आणि त्या अर्धगोल खिडक्या कटरने कापताना जीव मेटाकुटीला येतो.

कापायचं काम गटातल्या एक काकी करतात. एका मॉडेलला त्यांना अडीच तास लागतात. मजुरी ८० रुपये. घड्या घालून चिकटवण्याचे दुसरीला ५०. महिन्याला जेमतेम आठ मॉडेल होतात.

श्रावणात माझ्या भावाने पुण्याहून त्याचं कागद कापायचं मशीन आठ दिवसांसाठी आणून दिलं. तो लग्नपत्रिकांचं काम करतो. मशीन प्रिंटरएवढंच असतं. लॅपटॉपवर आकृती काढायची, कागद चिकट मॅटवर बसवायचा, की आतलं बारीक पातं रेघेवरून फिरतं. पहिल्याच दिवशी फजिती झाली. आकृतीत घडीच्या रेघा वेगळ्या सांगायच्या असतात, म्हणजे पातं तिथे तुटक-तुटक कापतं. मी सगळ्या रेघा कापायच्या म्हणूनच दिल्या. राजवाड्याचं छप्पर तुकडे होऊन हातात आलं!

दुसऱ्या दिवशी रेघा सुधारल्या, तर खिडक्यांच्या कडांना लव यायला लागली. पातं बदललं, दाब वाढवला, तरी तेच. काकींनी कागद नुसता बोटांत धरला आणि म्हणाल्या, "कागद सादळलाय गो. पातं काय करील?" आपण पावसात पापड जपतो तसे त्यांनी कागद बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले, सोबत भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी. दोन दिवसांनी त्याच मशीनवर खिडक्या अशा निघाल्या की मी मोबाइलवर फोटोच काढत बसले. चार कागदांचं मॉडेल अर्ध्या तासात कापून झालं. मात्र नवा कागद घेतला की आधी कोपऱ्यात छोटा चौकोन कापून बघायचाच. ते टाळलं तेव्हा दोन कागद फुकट गेले. जाड पुठ्ठ्याच्या नादी लागू नका; गणपतीच्या मखराचा पुठ्ठा त्या पात्याला झेपला नाही.

आता खरं सांगते. शनिवारच्या बैठकीसाठी मी हिशेब मांडला आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, कापण्याची मजुरी शून्य. कर्ज काढून मशीन घ्यायचं, असंच माझ्या डोक्यात होतं. मी मोठ्याने वाचत होते. काकींनी विचारलं, "मग मी काय करू?" कोणी काही बोललं नाही. मीही नाही. बी.ए.ला अर्थशास्त्र होतं माझं, पण हा प्रश्न हिशेबात घ्यायचं सुचलं नव्हतं.

तो हिशेब आम्ही सगळ्यांनी मिळून पुन्हा मांडला. मशीन विकत घ्यायचं नाही. दिवाळीनंतर चार महिने भावाकडून भाड्याने, महिना १२०० रुपये. महिन्याला ३० मॉडेल केली तर एकामागे ४० रुपये भाडं पडतं. म्हणजे कापण्याच्या ८० मधले ४० उरतात, ते घडीकामात घालायचे. घडीकामाचे आता ९० झाले. त्यातले ५० छप्पर आणि सज्जे बसवणाऱ्या काकींना, ४० बाकीचं चिकटवणारीला. छपराची घडी अर्धा धागा सरकली तरी राजवाडा वाकडा दिसतो, तिथे मशीनचा उपयोग नाही.

काकींचे एका मॉडेलमागे ३० रुपये कमी होतात, पण काम तासाभरात आटपतं. ३० मॉडेल गेली तर त्यांना महिन्याला १५०० मिळतील. आज ६४० मिळतात. १५ च गेली तर त्यांना ७५० मिळतील, पण भाडं एका मॉडेलमागे ८० पडेल आणि ते गटाच्या अंगावर येईल. म्हणून आधी ऑर्डर, मग मशीन, असं ठरलंय. चिकटवणाऱ्या दोघीजणी याला अजून राजी नाहीत. त्यांचेही ५० चे ४० झालेत, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. त्यावर येत्या शनिवारी पुन्हा बसणार आहोत.

आजपर्यंत ११ मॉडेलची मागणी आली आहे.