फिरत्या घराचा गिअरबॉक्स

भिवंडीच्या मागांच्या खडखडाटांत वाढलेल्या मनुष्यास दांत्यांच्या चाकांचें महत्त्व नव्यानें सांगावें लागत नाहीं. यंत्रमागावर एक बदलीचें चाक असतें. त्याचे दांते कमी-अधिक केले कीं कापडांतील बाण्याच्या धाग्यांची दाटी बदलते. माग तोच, मोटर तीच, सूतही तेंच; परंतु त्या लहानशा चाकानें मालाचा पोत ठरतो. मोटारगाडीच्या गिअरबॉक्सचें कार्यही याच जातीचें आहे. इंजिनाची शक्ति तो वाढवीत नाहीं. आहे ती शक्ति वेगाकडे लावावयाची कीं ओढीकडे, एवढेंच तो ठरवितो.

जुनी व्हॅन घेऊन तिचें फिरतें घर करण्याची हौस आतां सुशिक्षित कुटुंबांतही दिसूं लागली आहे. महाराष्ट्र शासनानेंही २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. समजा, भिवंडींतील एका गृहस्थानें जुनी डिझेल व्हॅन घेतली आणि तींत बिछाने, शेगडी व पाण्याची टाकी बसविण्याचा बेत केला. जुना गिअरबॉक्स कुरकुर करतो. मिस्त्री म्हणतो, पांच गिअरचा बसवा. मेहुणे म्हणतात, क्लच नसलेला ऑटोमॅटिक बसवा. दोन्ही सल्ले सद्भावनेचेच आहेत. पण ही गाडी नेणार काय आणि चढणार कोठें, हा प्रश्न कोणीच विचारलेला नाहीं.

भिवंडीचा प्रदेश समुद्रसपाटीपासून फारसा उंच नाहीं. पडघा, शहापूर करीत कसारा घाट चढून इगतपुरी गांठली कीं गाडी सुमारें सहाशें मीटर उंचीवर येते. याच घाटांत लोहमार्गाचा चढ सदतीसास एक असा आहे, आणि तेवढ्यासाठीं आगगाडीला मागून जादा इंजिनें लावावीं लागतात. व्हॅनला मागून रेटणारें कोणी नसतें. तिचें जादा इंजिन म्हणजे तिचा खालचा गिअर.

हिशेब अवघड नाहीं. भरलेल्या गाडीचें वजन ३००० किलो आणि चढ दहास एक धरला, तर नुसत्या चढासाठीं ३०० किलोची ओढ लागते. चाकांच्या घर्षणापायीं आणखी सुमारें ४५ किलो. चाकाची त्रिज्या ३५ सेंटिमीटर आणि इंजिनाचा पीळ १४ किलोग्रॅम-मीटर असेल, तर वाटेंतील घट वजा जातां गिअर व मागचा आंस मिळून सुमारें दहापट प्रमाण पाहिजे. त्या गिअरांत इंजिन मिनिटास २४०० फेरे घेत असतां वेग ताशीं ३२ किलोमीटरच्या आसपास राहील. आतां सामान आंवरून वजन २४०० किलोवर राखलें, तर आठपट प्रमाण पुरतें आणि वेग ३९ पर्यंत जातो. थांबलेली गाडी चढावर उचलण्यास याहून पुष्कळ मोठें प्रमाण लागतें. तें काम पहिल्या गिअरचें. म्हणून गिअरबॉक्स निवडण्यापूर्वीं गाडी सामानासह कांट्यावर चढवावी. भरलेली शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो, हें सुताराच्या नकाशांत दिसत नाहीं.

मग निवडावें कोणतें? आधीं जुन्याचें निदान करावें. दुसरा गिअर टाकतांना दांते कुरकुरत असतील, तर बहुधा सिंक्रोची पितळी कडी झिजलेली असते. पाय उचलतांच गिअर सुटत असेल, तर दोष अधिक खोल आहे. तेल काढून पाहावें: पितळेची बारीक चमक झीज दाखविते, पोलादाचे तुकडे मोडतोड दाखवितात. केवळ बेअरिंगें, कड्या व सीलें बदलून भागत असेल, तर मूळचा गिअरबॉक्स दुरुस्त करणें हाच उत्तम मार्ग होय. तो त्याच इंजिनासाठीं व त्याच आंसासाठीं घडविलेला असतो.

पांचव्या गिअरचा लाभ खरा आहे. नाशिकच्या सपाट रस्त्यावर इंजिन शांत चालतें. परंतु नव्या पेटीचा पांचवा पाहण्याआधीं पहिला पाहावा. तो मूळच्यापेक्षां कमी ओढीचा असेल, तर सपाटीवरचें सुख घाटांत क्लच जाळून फेडावें लागतें. शिवाय क्लचच्या तबकडीचे खांचे, घंटेसारखें आवरण, प्रोपेलर शाफ्टची लांबी व गिअरच्या दांड्याची जागा, हें सर्व जुळलें पाहिजे. गाड्यांचीं कुळेंही भिन्न असतात. बजाज टेंपोच्या जुन्या मॅटॅडोरचीं पुढचीं चाकें गाडीस ओढीत. त्याच कंपनीच्या १९८७ सालच्या टेंपो ट्रॅव्हलरचीं मागचीं चाकें तिला ढकलतात. एकीची पेटी दुसरीस चालत नाहीं.

ऑटोमॅटिकमध्यें शक्ति तेलाच्या द्वारें पुढें जाते. चढावर रखडतांना तें तेल तापतें, त्यासाठीं निराळा कूलर लागतो, आणि अशक्त जुन्या डिझेलची कांहीं शक्ति तेथेंच खर्ची पडते. तथापि घरांतील चालकाचा गुडघा क्लच दाबूं देत नसेल, तर ही गरज चैनीची नव्हे. अशा वेळीं कारखान्यांतूनच ऑटोमॅटिक आलेली गाडी शोधावी. जुनीवर कलम करूं नये.

आणखी एक गोष्ट कायद्याची. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वयें नोंदणीपत्रांतील मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरबदल मालकास मनास येईल तसा करतां येत नाहीं. म्हणून करवत चालविण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारणा करावी.

चढणाराचा विचार सर्वच करतात. उतरणाराचा फार थोडे. इगतपुरीहून परततांना तीच भरलेली गाडी, तींत निजलेलीं मुलें आणि खालीं खोल दरी. ब्रेक सतत दाबून ठेवले कीं ते तापतात व त्यांची पकड जाते. ज्या गिअरांत घाट चढला त्याच गिअरांत उतरावा, ही जुन्या ड्रायव्हरांची शिकवण आहे. मग गाडीला इंजिनच आंवरतें. डिझेल वांचविण्यासाठीं न्यूट्रलमध्यें गाडी सोडणारा हा आधार स्वतःच्या हातानें काढून टाकतो. गृहस्थानें नवा गिअरबॉक्स घेवो वा जुना दुरुस्त करो, घरच्या मंडळींना बसविण्यापूर्वीं त्यानें तेवढेंच वजन भरून एकदां एकट्यानेंच घाट चढून उतरावा. खालीं आल्यावर ब्रेक थंड लागले, तर निवड योग्य झाली असें समजावें.