न दिसणाऱ्या शिरांचें दुखणें

आजचा विषय मजसारख्या निवृत्त शाळामास्तराचा नव्हे, असें कोणी म्हणेल. मी वैद्य नाहीं. मॅट्रिकपुढें शिकलोंहि नाहीं. परंतु या दुखण्यानें माझ्या घरीं बारा वर्षें मुक्काम केला, म्हणून बोलण्याचें धाडस करितों.

तिसऱ्या बाळंतपणानंतर आमच्या कुटुंबाच्या ओटीपोटांत जड, ठणकणारी कळ सुरू झाली. सकाळीं कांहीं नसे. ओट्याशीं उभें राहून दिवस सरूं लागला कीं ती वाढे, ऋतुकालाच्या आधीं तर फारच. आणि आडवें झालें कीं ओसरे. डॉक्टरांनीं तपासून ‘कांहीं नाहीं, मनाचे खेळ आहेत’ असा निकाल दिला. काम टाळण्याची ही युक्ति तर नव्हे, असें एकदां मीहि बोलून गेलों. तें वाक्य मला अजून टोंचतें.

कारण शरीरांतच असावें, हें मला फार उशिरां उमगलें. शिरांतून रक्त हृदयाकडे चढतें. तें खालीं परतूं नये म्हणून आंत झडपा असतात. विल्यम हार्वेनें १६२८ सालीं रक्ताभिसरण सिद्ध करतांना याच झडपांचा आधार घेतला, हें मीं वर्गांत कितीदां तरी शिकविलें! गरोदरपणांत बीजांडकोशाच्या शिरा फार फुगतात. कित्येकींच्या झडपा पुढें नीट मिटत नाहींत. रक्त उलट उतरून कटीरांत तुंबतें. पोटरीवर फुगलेल्या निळ्या शिरा आपण पाहतों, तसाच हा प्रकार, मात्र दृष्टीआड. रुग्ण निजली कीं त्या शिरांतला ताण उतरतो. म्हणून निजवून केलेल्या सोनोग्राफींत त्या पुष्कळदां निसटतात.

अमेरिकेंतील डॉक्टर हॉवर्ड टेलर यांनीं १९४९ सालींच या रक्तसंचयावर लिहिलें होतें. मानेच्या वा जांघेच्या शिरेंतून बारीक नळी नेऊन बिघडलेली शीर धातूच्या वेटोळ्यांनीं बंद करण्याचा उपाय १९९३ पासून प्रसिद्ध आहे. अर्थात् ओटीपोटाच्या प्रत्येक दुखण्याचें मूळ हेंच नव्हे. गर्भाशयाचे इतर विकार आधीं तपासावेच लागतात.

ऋतुकाल थांबल्यावर कुटुंबाचें दुखणें आपोआप मंदावलें. गेल्या वर्षीं मुलीला तेंच सुरू झालें. या वेळीं डॉक्टरीणबाईंनीं पहिलाच प्रश्न केला, “उभें राहिल्यावर वाढतें का?”

मुलीच्या आधीं शेजारीं बसलेल्या तिच्या आईनेंच ‘हो’ म्हटलें.