‘ड’ जीवनसत्त्व : अहवालातील आकडा आणि औषधाची मात्रा

‘ड’ जीवनसत्त्व नावाने जीवनसत्त्व असले, तरी कार्याने ते संप्रेरकाच्या जवळचे आहे. कारण सूर्यप्रकाशातील अतिनील-ब किरणांमुळे ते त्वचेत तयार होते, यकृतात त्याचे पहिले रूपांतर होते, आणि मूत्रपिंडात दुसरे रूपांतर होऊन जे क्रियाशील द्रव्य बनते, त्याच्यामुळे आतड्यांत कॅल्शियम नीट शोषले जाते. रक्तात मोजायचे असते ते यकृतातून बाहेर पडणारे रूप, म्हणजे २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. ते दोन-तीन आठवडे टिकत असल्याने शरीरातील साठ्याचा अंदाज देते. क्रियाशील रूप मात्र काही तासांतच नाहीसे होते, आणि साठा घटलेला असतानाही त्याची पातळी प्राकृत किंवा वाढलेली दिसू शकते. त्यामुळे नेहमीच्या निदानासाठी त्याची तपासणी उपयोगाची नाही.

अहवाल वाचताना आकड्याआधी एकक पाहावे. भारतातील अहवालांत बहुधा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर हे एकक असते, तर ब्रिटनमध्ये नॅनोमोल प्रति लिटर. पहिल्यातील २० म्हणजे दुसऱ्यातील ५०. त्यामुळे तिकडच्या नातेवाइकाच्या आकड्याशी तुलना करून घाबरून जाण्याचे कारण नाही.

किती पातळी पुरेशी, याविषयी तज्ज्ञांतच मतभेद आहेत. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ मध्ये हाडांच्या आरोग्यासाठी बहुतेकांना २० नॅनोग्रॅम पुरेसे मानले. त्याच वर्षी एंडोक्राइन सोसायटीने ३० ची मर्यादा सांगितली, पण २०२४ मध्ये तिने त्या मर्यादेचा आग्रह सोडला आणि निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी करू नये, असे सुचवले. अनेक प्रयोगशाळांच्या छापील तक्त्यांत मात्र ३० चाच आकडा राहिला आहे. म्हणून २४ या आकड्यापुढे ‘अपुरे’ असा शिक्का दिसला, तरी एरवी निरोगी असलेल्या व्यक्तीने तो आजार समजू नये. १२ च्या खालची पातळी मात्र गांभीर्यानेच घ्यावी, कारण दीर्घकाळच्या तीव्र कमतरतेतून मुलांना मुडदूस होतो आणि प्रौढांची हाडे मऊ पडून दुखू लागतात.

कोवळ्या उन्हाविषयीचा समजही येथे तपासून पाहिला पाहिजे: सकाळचे तिरपे ऊन सुखद असते, परंतु त्यात अतिनील-ब किरण फार थोडे असतात, आणि खिडकीच्या काचेतून तर ते जवळजवळ आत येतच नाहीत.

सर्वांत मोठी काळजी मात्रेची आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये प्रौढांची दैनंदिन गरज ६०० आंतरराष्ट्रीय एकक (आययू) सांगितली. म्हणजे ६०,००० एककांच्या एका पुडीत १०० दिवसांची गरज सामावते. ही पुडी सामान्यतः आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यायची असते. ती समजुतीच्या घोटाळ्याने रोज घेतली गेली, तर मेदात विरघळणारे हे जीवनसत्त्व शरीरात साठत जाते, रक्तातील कॅल्शियम वाढते, आणि तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता, उलट्या, भ्रम यांपासून मूत्रपिंड निकामी होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. एकदाच प्रचंड मात्रा घेणेही हिताचे नाही. ऑस्ट्रेलियात वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदा ५,००,००० एकक दिले असता त्यांचे पडणे आणि अस्थिभंग वाढल्याचे २०१० मध्ये दिसून आले.

उपचारानंतरची फेरतपासणी साधारण तीन महिन्यांनी करावी, त्याआधी केल्यास पातळी स्थिरावलेली नसते. मूतखडा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ही औषधे वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नयेत, आणि घरात अशी पुडी असेल, तर ती आठवड्याची की रोजची, हे श्रोत्यांनी आजच डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पडताळून पाहावे.